चालेल

सांगलीत, खणभागात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर
जैनब मुलाणीचं शिवणकाम चालतं.
जिना एवढा अरुंद की वर जाणाऱ्यानं आधी हाक द्यायची.
मी देत नाही. खाली थांबते,
उतरणारे उतरेपर्यंत.

भाचीच्या लग्नाचं कापड घेऊन गेले होते.
मोरपंखी. नणंदेनं निवडलेलं.
तिनं पाठ मोजली, दंड मोजला,
टेप गळ्यात टाकून विचारलं,
"गळा कसला काढू?"
"कसलाही चालेल."
"चालेल असा गळा नसतोय, ताई.
गोल असतोय, चौकोनी असतोय, पानाचा असतोय.
बोला की."

खाली कुणाचे तरी जोंधळे दळत होते,
फरशी तळव्यांतून थरथरत होती,
आणि एक्कावन्न वर्षांच्या बाईला
स्वतःचा गळा सुचेना.

पहिलं चालेल आठवतंय.
सहावीची सहल, सागरेश्वरला.
खिडकी दुसरीला देऊ का, बाईंनी विचारलं.
चालेल म्हटलं. बाई म्हणाल्या, किती गुणी!
ते 'गुणी' मी लिमलेटच्या गोळीसारखं
गालात धरून बसले. हरणं पाहिली नाहीत.

मग स्थळ कवठेमहांकाळचं, चालेल.
मग ठेव विभागातून वसुलीत बदली, चालेल.
पोळीचा करपलेला भाग,
पंख्याखाली नसलेली खुर्ची,
माझ्याच वाढदिवसाला दुसऱ्यांच्या आवडीचा केक.

याला मी स्वभाव म्हणायचे.
पण पतसंस्थेत बसते मी,
व्याज कसं चढतं ते मला कळतं.
प्रत्येक चालेलची पावती फाडून
मी घरच्यांच्या नावावर ठेवत होते.
आपण कर्ज घेतलंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.
आणि रात्री ओट्यापाशी
पातेली आपटत मी वसुलीला निघायची.
"काय झालं?" ते विचारायचे.
"काही नाही."

"चौकोनी," मी म्हटलं.
आवाज शेजारणीचा वाटला.
"खोल?"
"नको." मग, "थोडा."

येताना भडंगवाल्यानं विचारलं, तिखट देऊ?
नको म्हटलं, आणि लगेच इतकं वाईट वाटलं
की पाव किलोऐवजी अर्धा किलो घेतलं.

रात्री सुकुमार म्हणाले,
"रविवारी इस्लामपूरला जाऊन येऊ, चालेल?"
शब्द जिभेवर आला होता,
रोजच्या वाटेनं, चपला न घालता.
"सांगते," मी म्हटलं.
त्यांनी रिमोटवरून मान वर केली.
बस, एवढंच. बातम्या चालू राहिल्या.
माझ्या मात्र तळहाताला घाम.

दुसऱ्या दिवशी मगदूम साहेब:
"मार्चअखेरचं तुम्हीच बघाल ना?"
"चालेल."
गेलंच निघून.
फरक इतकाच, की या वेळी मला ते ऐकू आलं,
शेजारच्या घरात कुकरची शिट्टी व्हावी
आणि आपण उगीच मोजत बसावं तसं.

शुक्रवारी ब्लाउज आला.
चौकोनाचा एक कोपरा खांद्यापाशी रुतत होता.
पूर्वीची मी पदर ओढून घेतला असता,
लग्न तसंच काढलं असतं,
आणि परत आल्यावर नणंदेशी धड बोलले नसते.

गिरणी बंद होती. जिन्यात अंधार.
वरून कुणाच्या तरी चपलांचा आवाज येत होता.
"मी येतेय वर," मी हाक दिली,
जरा मोठ्यानंच झाली.
चपला थांबल्या.

"टोचतंय," जैनबला म्हटलं.
ओठांतल्या टाचण्या काढून तिनं खडू उचलला.
"कुठं? हितं?"
"नाही," मी म्हटलं,
"अजून थोडं डावीकडं."